आई-बाबा, दशम्या आणि शिंकान्सेन (टोकियो ते क्योटो, आमची पहिलीच वेळ)

कंदीपेढा
नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसती वाचतेय, लिहायचा कंटाळा. पण मागच्या आठवड्यात आई-बाबांना विमानात बसवून साताऱ्याला पाठवलं आणि घर असं रिकामं रिकामं झालंय की म्हटलं विसरायच्या आत लिहून टाकू.

आम्हाला टोकियोला येऊन दहा महिने झाले. नवऱ्याची नोकरी, चिरंजीव दुसरीत. शिंकान्सेन, म्हणजे इथली बुलेट ट्रेन, रोज लांबून दिसते पण बसलो कधीच नव्हतो, कारण तिकीट. आई-बाबा आले की जाऊ, आई-बाबा आले की जाऊ, असं करत मार्चपर्यंत ढकललं. ते आले, आणि ठरलं क्योटो.

आता आमचे बाबा. एसटीत ३४ वर्षं, आधी कंडक्टर आणि नंतर वाहतूक नियंत्रक. म्हणजे स्टँडवर जाळीच्या खिडकीमागे बसून माईकवर "सातारा स्वारगेट विनाथांबा" म्हणणारा माणूस. रिटायर होऊन अकरा वर्षं झाली तरी खिशात डायरी आहे आणि त्यात वेळा लिहायची सवय आहे. दूधवाला किती वाजता आला, लाईट किती वाजता गेली. आई म्हणते लग्नात मंगलाष्टकं चार मिनिटं उशिरा सुरू झाली हेही कुठेतरी लिहिलेलं असणार.

तर पहिला घोळ बॅगांचा. नवऱ्याने कुठेतरी वाचलं की लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंमीच्या वर गेलं की ती मोठी बॅग, मग शेवटच्या रांगेतल्या ठराविक सीट आधीच घ्याव्या लागतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत पण न सांगता नेली तर १००० येन. बाबांनी शिवणाच्या डब्यातली टेप काढली, चाकं धरून मोजलं, १६४. चार सेंटीमीटरने बॅग नापास! मग ती कुरिअरने आदल्या दिवशीच क्योटोच्या हॉटेलला पाठवली. इथे ही सोय फार भारी आहे, कोपऱ्यावरच्या दुकानात बॅग द्यायची आणि विसरायची. आई काही विसरली नाही. अनोळखी माणसाच्या हातात आख्खी बॅग दिलीस, पावतीवरचं एक अक्षर वाचता येत नाही, असं रात्रभर चालू. आणि रात्री साडेदहाला कळलं की बाबांच्या बीपीच्या गोळ्या त्याच बॅगेत गेल्या. ही चूक सर्वस्वी माझी, पॅकिंग मी केलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बॅग हॉटेलात हजर, पण सकाळची गोळी चुकलीच. तेव्हा औषधं हातातल्या पिशवीत ठेवा ही नम्र विनंती.

दुसरा घोळ गेटवर. बाबांना मोबाईलमधलं तिकीट तिकीटच वाटत नाही म्हणून कागदाची काढली होती. प्रत्येकी दोन कागद, एक नुसत्या प्रवासाचं आणि एक शिंकान्सेनचं जादा तिकीट. दोन्ही एकावर एक ठेवून एकदम आत सारायची. मी सगळ्यांना सांगितलं, चिरंजीवांनी बरोब्बर केलं, आई पण गेली, आणि बाबांनी एकच घातलं. फाटकाच्या झडपा धाडकन बंद आणि टुंग टुंग आवाज. मागे गर्दी. एक मुलगी युनिफॉर्ममधली पळत आली, वाकून काहीतरी म्हणाली, दुसरं तिकीट दाखवलं, झालं मोकळं, पंधरा सेकंदांचं काम. पण बाबांचा चेहरा! "आयुष्यभर लोकांना तिकीट तिकीट करत फिरलो आणि आज मीच सापडलो" म्हणाले.

बाकीचं संध्याकाळी लिहिते, पोराला स्विमिंगला सोडायचंय.

वरणभात
मस्त सुरुवात! मंगलाष्टकं 😂 पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

निशीकासाईकर
वा, गाववाले! आमच्याकडे पण सासूबाई आल्या होत्या तेव्हा गेटवर अगदी हेच. दोन तिकिटांची भानगड कुणालाच पटकन कळत नाही. सकाळी ट्रेनच्या डब्यात किती भारतीय दिसतात बघून सासूबाई म्हणाल्या होत्या, हे आपलं कोथरूडच आहे.

रूळानुबंध
छान लिहिताय. त्या दोन तिकिटांमागे कारण आहे. प्रवासाच्या तिकिटावर नुसतं टोकियो स्टेशन नसतं, 'टोकियो शहराचे वॉर्ड' असं छापलेलं असतं. म्हणजे २३ वॉर्डांतल्या कुठल्याही जेआर (जपान रेल्वे) स्टेशनवरून त्याच तिकिटावर लोकलने टोकियो स्टेशनला येता येतं, क्योटोकडेही तसंच, शहरातल्या जेआर स्टेशनपर्यंत चालतं. ॲपवर काढलं की ही सवलत जाते. कागदवाल्या बाबांचं तसं बरोबरच होतं म्हणा.

निशीकासाईकर
@रूळानुबंध आमच्या स्टेशनला जेआर नाहीच, मेट्रो आहे. आम्हाला सवलतीचा उपयोग शून्य, नेहमीप्रमाणे.

तिरकस
सगळं छान आहे पण पाच माणसांचा खर्च किती आला ते लिहा. तेवढ्यात आमचं आख्खं कुटुंब कोकणात जाऊन मासे खाऊन परत येतं.

कंदीपेढा
@तिरकस लपवायचं काय त्यात. एका बाजूचे माणशी १४ हजार येनच्या आसपास, चिरंजीव अर्धे. म्हणजे पाच जणांचे ६३ हजार येन, आपले पस्तीस-छत्तीस हजार रुपये. एका बाजूचे. बाबांना आकडा सांगितलाच नव्हता, त्यांनी तिकिटावर वाचला आणि मग डायरीत लिहिला आणि मग त्याच्याखाली दोन रेघा मारल्या.

चिमणचारा
आम्ही मे महिन्यात जाणार आहोत, टूरिस्ट पास घ्यायचा का? युट्यूबवर सगळे घ्या घ्या म्हणतात.

रूळानुबंध
@चिमणचारा ते व्हिडिओ जुने असतील. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून एकदम ५०,००० वर गेला. नुसतं टोकियो-क्योटो-टोकियो करायचं तर २८ हजारांत होतं, पास कशाला? हिरोशिमा वगैरे लांबचं बरंच फिरणार असाल तर गणित मांडून बघा. शिवाय त्या पासवर सगळ्यात जलद जी नोझोमी, तिला वेगळे पैसे भरावे लागतात. आणि पास टूरिस्ट व्हिसावाल्यांनाच, इथे राहणाऱ्यांना नाही.

निशीकासाईकर
+१. वेळ असेल तर कोदामाची (सगळ्या स्टेशनांवर थांबणारी शिंकान्सेन) स्वस्तातली स्कीम पण बघा, आधी बुक करावी लागते, वर एक ड्रिंकचं कूपन मिळतं. पोचायला दीडेक तास जास्त लागतो.

कंदीपेढा
चला, पुढचं लिहिते. पोरगा झोपला.

प्लॅटफॉर्मवर गेलो तर बाबा आमच्या गाडीकडे बघेनातच, ते बोर्डाकडे बघत उभे. "ही गेल्यावर पुढची कधी?" म्हटलं बघा ना वर लिहिलंय. त्यांनी आकडे वाचले. तीन मिनिटांनी एक, मग सहा मिनिटांनी एक, मग परत चार. "सगळ्या एकाच रस्त्याने जातात?" हो. "एकाच दिशेला?" हो. मग बराच वेळ गप्प. मी नवऱ्याला म्हटलं दमले वाटतं, तर म्हणाले, "जावईबापू, ह्यांचा कंट्रोलर कुठे बसतो?"

नवऱ्याने त्यांना नोझोमी, हिकारी, कोदामा असे तीन प्रकार समजावले. बाबांनी ऐकून घेतलं आणि आईला मराठीत करून सांगितलं: नोझोमी म्हणजे आपली विनाथांबा, हिकारी म्हणजे निमआराम, आणि कोदामा म्हणजे लालपरी, हात दाखवा गाडी थांबवा. हात दाखवून थांबत नाही हो बाबा, एवढंच म्हटलं, बाकी काही चुकलं नव्हतं.

गाडी आली, माणसं उतरली, सफाईवाले आत गेले, दारं बंद. आणि काचेतून दिसतं ना सगळं, सगळ्या सीट एकामागून एक गर्रकन वळल्या, तोंडं पुढच्या दिशेला. चिरंजीव जागच्या जागी उड्या मारायला लागले. आम्ही रांगेतच. त्या रांगेला खाली खुणा आहेत, आणि गाडी थांबली तेव्हा दार बरोब्बर आमच्या खुणेसमोर. बाबा खाली वाकून खूण आणि दार यातलं अंतर बघत होते, मागच्या जपानी बाईंना वाटलं त्यांचं काही पडलंय, त्या पण शोधायला लागल्या.

सीट एका बाजूला तीन, एका बाजूला दोन, म्हणजे आम्ही पाच जण एका रांगेत मावलो. उजवीकडच्या दोन आई-बाबांना दिल्या कारण जाताना फुजी त्या बाजूला दिसतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

सुटली कधी ते आईला कळलंच नाही. शिनागावा सातव्या मिनिटाला, शिन-योकोहामा अठरा-एकोणीसाव्या. तोपर्यंत ती मुंबईच्या लोकलसारखी शहरातूनच जाते, स्पीड असा काही जाणवत नाही, आई म्हणाली पण, हीच का ती? योकोहामा सुटलं आणि मग मात्र. कान दडले, बोगदा, उजेड, बोगदा. खांब मोजायला गेलेल्या चिरंजीवांनी नाद सोडला.

आईने पिशवी उघडली. मला वाटलं दशम्या. तर कापूस! चैत्र येतोय, देवाला वाती लागतील, तिकडे वेळ मिळत नाही, बसल्या बसल्या करते, असं म्हणून बाई तळहातावर फुलवाती वळायला लागल्या. ताशी २८५ किलोमीटर. समोरच्या फळीवर पेपर नॅपकिन, त्यावर वातींची ओळ, एकीचं टोक वाकडं नाही. मला काय सांगायचंय कळलं ना, त्या गाडीच्या गुळगुळीतपणाबद्दल लोक काय काय लिहितात, नाणं उभं राहतं वगैरे, माझ्या आईने शंभर वाती वळल्या. पुढच्या सीटवरच्या आजी दोनदा वळून बघत होत्या, शेवटी उठून आल्याच. भाषा दोघींना एकमेकींची शून्य. आईने हात जोडून दिवा लावायची खूण केली, त्या हो हो करत हसल्या. आईने दोन वाती दिल्या, त्यांनी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवल्या, आणि जागेवर जाऊन एक संत्र आणून दिलं.

आणि बाबा? बाबा जागेवर नव्हते.

वरणभात
अशा ठिकाणी थांबतात का!! कुठे गेले बाबा?

सुमाआजी
वाती वळल्या हे वाचून डोळ्यात पाणी आलं गं. मी पण बसप्रवासात वळायचे, आता बोटं वळत नाहीत. आईंना माझा नमस्कार सांग.

तिरकस
कापूस विमानात कसा काय चालला? आमच्या आईचं लोणचं ठेवून घेतलं होतं.

कंदीपेढा
@सुमाआजी सांगते नक्की. @तिरकस कापसाने काय घोडं मारलंय. लोणच्याचं तेल सांडलं असणार.

हां, तर बाबा. डब्यात शिरताना आणि बाहेर पडताना इथला कंडक्टर दाराशी वळून सगळ्या डब्याला वाकून नमस्कार करतो. कुणी बघत असो नसो. बाबांनी ते एकदा बघितलं, दोनदा बघितलं. मग विचारलं तिकीट का तपासत नाही हा? नवऱ्याने सांगितलं की त्याच्या हातातल्या मशीनमध्ये कुठली सीट विकली गेली ते दिसतं, रिकामी असायला हवी तिथे कोणी बसलं तरच विचारतात. बाबांना हे इतकं आवडलं की ते उठून त्याच्या मागोमाग गेले आणि दोन डब्यांच्या मधे दाराशी उभे राहिले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी गेले तर दाराच्या काचेला कपाळ टेकून, हातात डायरी. म्हणाले, स्टेशनं जातायत मधली, पाटी वाचायला जावं तर स्टेशन संपतं. ४०० मीटरचा फलाट आहे तो, गाडीच तेवढी लांब असते, सोळा डबे, म्हणजे पाच सेकंदात संपणारच. "हे बघ, आत्ता एका स्टेशनात लालपरी बाजूला उभी करून आपली गाडी पुढे काढली. दुसऱ्यांदा. तिला किती मिनिटं आधी आत घेतली असेल?"

आणि नेमकं तेव्हाच आतून चिरंजीवांची आरोळी. फुजी! मी पळाले. आख्खा पांढरा डोंगर, खाली कारखान्यांच्या चिमण्या, मग नदीचा पूल, आणि पुलावरून तर असा समोर की बस्स. आईने वाती खाली ठेवून नमस्कार केला. मी मागे वळून बाबा बाबा करतेय, नवरा बोलवायला धावला.

ते डाव्या बाजूच्या दाराशी उभे होते. समुद्राच्या बाजूच्या. येईपर्यंत फुजी गेला.

वरणभात
अरेरेरेरे 😂😂😂

निशीकासाईकर
आई गं. टोकियोहून साधारण चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी येतो तो, मी तर मोबाईलवर अलार्म लावते. पण मार्चमध्ये दिसला हेच नशीब, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात बरेचदा ढगच असतात. येताना दिसला की नाही?

कंदीपेढा
येताना बाबांना खास खिडकीची सीट, आता ती डावीकडे. पापणी न लवता बसले होते. ढग. नुसते ढग. आई म्हणाली, डोंगर सोडून कंडक्टर बघायला गेलात, भोगा. तर बाबा म्हणतात, "डोंगर काय बघायचे, साताऱ्याला सात आहेत."

रूळानुबंध
तुमच्या बाबांना साष्टांग दंडवत. फुजी सगळेच बघतात, कोदामाला बाजूला घेताना बघणारा माणूस लाखात एक. त्यांना सांगा, गर्दीच्या तासाला एका दिशेने १२ नोझोमी सोडता येतात, २०२० पासून. हिकारी आणि कोदामा धरल्या तर १७ पर्यंत. आणि वर्षाचा सरासरी उशीर एक-दीड मिनिटाच्या आसपास असतो, त्यात वादळं आणि वाटेतल्या सेकिगाहाराचा बर्फ सगळं धरून. वेळापत्रक मिनिटांत नाही, १५ सेकंदांच्या हिशोबाने आखतात.

एक छोटी दुरुस्ती मात्र, कुणी विचारायच्या आत. ते 'सात मिनिटांत सफाई' म्हणून जे जगप्रसिद्ध झालंय ते टोकियो स्टेशनवरच्या पलीकडच्या, म्हणजे उत्तरेकडे जाणाऱ्या जेआर ईस्टच्या गाड्यांचं. क्योटोकडे जाणारी लाईन जेआर सेंट्रलची, त्यांची माणसं वेगळी.

चिमणचारा
आपल्याकडची मुंबई-अहमदाबाद पण हीच टेक्नॉलॉजी ना? तेव्हा साताऱ्याच्या बाबांना लांब जायला नको.

तिरकस
आली का गाडी अहमदाबादला. मी वाटच बघत होतो. आधी आमची डोंबिवली फास्ट टाइमवर आणा.

रूळानुबंध
हो, जपानी तंत्रज्ञान. ५०८ किमी, १२ स्टेशनं. योगायोग म्हणजे टोकियो ते शिन-ओसाका पण ५१५ किमीच आहे. आपली बीकेसीला जमिनीखालून सुटणार, मग शिळफाट्यापर्यंत २१ किमी बोगदा, त्यातले ७ किमी ठाण्याच्या खाडीखालून. पुढे ठाणे, विरार, बोईसर आणि मग गुजरात. रूळ पण आपल्या ब्रॉडगेजचे नाहीत, स्टँडर्ड गेज, १४३५ मिमी. जपानने १९६४ ला हेच केलं होतं, त्यांचे जुने रूळ अरुंद, १०६७ मिमीचे, त्यावर हा वेग शक्यच नव्हता म्हणून सगळंच नवीन टाकलं. जुन्या लाईनवर वेगवान गाडीला टोकियो-ओसाका साडेसहा तास लागायचे, १९६४ च्या हिकारीने चार तासांवर आणलं, आता अडीच तासांच्या आत.

तिरकस
आणि खर्च? तोही दुप्पट झाला असेलच, सगळीकडे होतो.

रूळानुबंध
झाला होता ना. वर्ल्ड बँकेचं ८ कोटी डॉलरचं कर्ज घेतलं होतं. ज्यांनी ही लाईन उभी केली ते रेल्वेचे अध्यक्ष सोगो शिंजी आणि मुख्य इंजिनियर शिमा हिदेओ, दोघांनाही खर्च वाढल्यामुळे १९६३ मध्ये जावं लागलं. १ ऑक्टोबर १९६४ ला पहिली गाडी सुटली तेव्हा शिमा फलाटावर नव्हते, घरी टीव्हीवर बघत होते.

संपादक
धागा अहमदाबादला पोचायच्या आत क्योटोकडे वळवूया. बुलेट ट्रेन हवी की लोकल यावर आधीच तीन धागे आहेत, तिथे भांडा.

सुमाआजी
खाण्याचं लिहिलं नाहीस गं. दशम्यांचं काय झालं? आणि शाकाहारी माणसाला तिकडे काय मिळतं?

कंदीपेढा
येतेय तिथेच!

स्टेशनवर डबे मिळतात प्रवासात खायचे, एकिबेन म्हणतात, इतके सुंदर की वाटतं देव्हाऱ्यात ठेवावेत. पण आई-बाबा शाकाहारी, आणि इथे भाजी शिजवली तरी माशाचं पाणी असतं. तेव्हा आईने सकाळी चारला उठून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थोडा ठेचा. मला टेन्शन, की वास सुटेल, लोक बघतील. लोकलमध्ये इथे कोणी खात नाही. पण शिंकान्सेनमध्ये सगळेच डबे उघडून बसतात, बिनधास्त. तरी ठेच्याची डबी मी उघडू दिली नाही, बाबांनी ती माझ्याकडून निशस्त्रीकरण केल्यासारखी काढून घेतली आणि दशमीला आतल्या बाजूने लावून परत बंद केली. कुणालाही कळलं नाही. माझ्या डोळ्यात मात्र पाणी आलं, ठेच्यानेच.

चिरंजीवांना आईस्क्रीम हवं होतं, ते दगडासारखं कडक असतं ते. पूर्वी गाडीत ट्रॉली यायची, साध्या डब्यांतली ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली, आता प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमधून आधी घ्यायचं. घेतलं होतं. योकोहामाला चमचा लावला, आईची शंभरावी वात झाली तरी चमचा वाकतच होता.

क्योटोला उतरायचं मला भयंकर टेन्शन होतं. गाडी थांबते जेमतेम दीड-दोन मिनिटं, आईचा गुडघा, पोरगा, पाच पिशव्या. मी पाच मिनिटं आधीच सगळ्यांना उठवलं. पण दाराशी बघते तर बाबा आधीच ताबा घेऊन उभे, "चला, उतरणारे पुढे, बॅगा हातात, पोराचा हात धरा." मागे एक जपानी काका पण निमूट त्या रांगेत लागले. ३४ वर्षांचा आवाज आहे तो, भाषा लागत नाही. सगळे उतरले, बाबा शेवटी उतरले, आणि सवयीने दाराच्या कडेला हात नेला. डबल बेल द्यायला. दोरी कुठली तिथे. दारं मिटली, गाडी गेली.

बाबांनी घड्याळ बघितलं, डायरी काढली. त्यांनी चार रकाने आखले होते. स्टेशन, ठरलेली वेळ, आलेली वेळ, फरक. फरकाच्या रकान्यात सगळीकडे शून्य. म्हणाले, असा कागद मी साहेबांपुढे ठेवला असता तर साहेब म्हणाले असते घरी बसून भरलाय.

शेवटी बाहेरच्या गेटवर अडकलो. गेट तिकीट गिळतं आणि बाबांना तिकीट हवं होतं. नवरा म्हणाला जाऊ द्या ना, फोटो आहे. पण बाबा हलेनात. शेवटी खिडकीतल्या माणसाला जाऊन विचारलं तर त्याला काही नवल नाही वाटलं, त्याने एक शिक्का काढला, वापरलं अशा अर्थाचा, दोन्ही तिकिटांवर मारला आणि दोन्ही हातांनी परत दिली. बाबांनीही दोन्ही हातांनी घेतली.

वरणभात
डबल बेल वाचून गलबललो राव. माझे काका कंडक्टर होते सांगोला आगाराला.

निशीकासाईकर
ही शिक्क्याची आयडिया फार कमी लोकांना माहितीय. आम्ही चार वर्षं तिकिटं गिळू देतोय.

रूळानुबंध
तुमच्या बाबांसाठी एक. १ जून ही तारीख त्यांना ठाऊक असणारच, १९४८ ला पहिली एसटी पुणे-नगर धावली. त्याच १ जूनला, १९३० मध्ये, डेक्कन क्वीन सुरू झाली.

आणि चिरंजीवांसाठी एक. पुढच्या वेळी ओसाकाच्या पुढे गेलात तर ५०० सिरीजची लांब चोचीची गाडी बघा. बोगद्यातून बाहेर पडताना गाडी हवा ढकलते आणि तोफेसारखा आवाज व्हायचा. इंजिनियर नाकात्सु एइजी पक्षीनिरीक्षक होते, त्यांनी किंगफिशर पाण्यात सूर मारतो तेव्हा पाणी उडत नाही हे पाहिलं होतं, तसं नाक केलं. १९९७ ला धावली, ३०० च्या स्पीडने. आता म्हातारी झाली, कोदामा म्हणून चालते.

कंदीपेढा
@रूळानुबंध हे आत्ताच व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं. आई म्हणाली, म्हणजे खंड्या! आमच्या विहिरीच्या तारेवर बसायचा, टुपकन आत आणि मासा घेऊन वर, बादलीतलं पाणी जास्त हलायचं. चिरंजीवांनी लगेच चित्र काढलं, चोचीचा इंजिनवाला खंड्या, खाली विहीर.

शिमा-सोगोंचं ऐकून बाबा नुसते हसले. १ जूनचं मात्र ऐकून म्हणाले, डेक्कन क्वीन आमच्याहून अठरा वर्षांनी मोठी, मान द्यायला पाहिजे. १५ सेकंदांवर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पंधरा सेकंदात तर आमचा ड्रायव्हर चहाचा कप खाली ठेवतो."

तिकिटं घेऊन ते परवा स्टँडवर जाऊन आले. सध्याच्या नियंत्रकांच्या टेबलावर काच आहे, त्याखाली एक दिवस ठेवून परत आणलीत म्हणे.

सुमाआजी
दशमीचं प्रमाण दे की गं जाता जाता. माझ्या कडक होतात.

कंदीपेढा
@सुमाआजी आईला विचारून लिहितेय. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी कणीक, मीठ, जरा तीळ. भिजवायचं फक्त दुधात, कोमट, पाण्याचा थेंब नाही. लगेच थापायची, पीठ ठेवायचं नाही. भाजताना वरून पाणी फिरवायचं नाही, त्यानेच कडक होतात म्हणे. गरम असतानाच फडक्यात गुंडाळा. तीन दिवस टिकतात, क्योटोत तिसऱ्या दिवशी शेवटची मीच खाल्ली.

आणि @रूळानुबंध, बाबांचा निरोप आहे. नागोयाच्या पुढे ते झोपले होते पंचवीस मिनिटं, त्या रकान्यात रेघ राहिलीय. माइबाराला कोणती गाडी बाजूला घेतली होती ते सापडलं तर कळवा.